ह्यांना कसं विचारू

एकोणीसशे सत्त्याण्णव साल. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या शाळेत विजेवर चालणारी शिवणयंत्रं आली आणि पायांना सुट्टी मिळाली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. धंदेशिक्षणाच्या शाळेत शिवणाचा वर्ग घ्यायचे. चौदा यंत्रं, कापडं बेतायचं एक लांब टेबल, भिंतीवर खडूचे हात पुसलेले, आणि सगळ्यावर यंत्राच्या तेलाचा वास. तो वास आजही कुठे आला की मी दोन मिनिटं थांबते. मुली म्हणायच्या, बाईंच्या साडीलाही तोच वास येतो.

आमचे हे बॉयलरचे मिस्त्री. कारखान्यांतले बॉयलर उघडायचे, आतून घासायचे, नळ्या बदलायच्या, पुन्हा बंद करून चालू करून द्यायचे. कंपनी पाठवेल तिकडे जायचं. महिना-दीड महिना बाहेर, मग चार-पाच दिवस घरी. माणूस शांत. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, पितही नव्हते. शेजारणी म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई. मीही म्हणायचे, बरं आहे.

घर दोन खोल्यांचं, खाली छापखाना. छापखाना चालू असला की आमची जमीन थरथरायची आणि मांडणीवरची भांडी आपापसांत बोलत राहायची. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. पलीकडे सासूबाईंची खाट, फळीला लागून. इकडे कूस बदलली तरी तिकडून विचारणा व्हायची, "झोप नाही का आली?"

आणि आमची एकुलती एक लेक. एकोणीस वर्षांची. वायरमनच्या वर्गात चाळीस मुलगे आणि ही एकटी मुलगी. पोरांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं, आणि हळूहळू घरातही तेच पडलं. दुसरं वर्ष संपत आलं होतं. वर्गातल्या पहिल्या दोघांना वीज केंद्रात उमेदवारीला घेत, त्यासाठी शाळेची शिफारस लागे. ठिणगी पहिली होती.

त्या वर्षी आरोग्य खात्याकडून एक सिस्टर शाळेत आल्या. पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या, बिनलग्नाच्या, खांद्याला प्रवासाला निघाल्यासारखी मोठी पिशवी. सतरा ते वीस वर्षांची मुलंमुली, वीस जण, वीस बुधवार, दुपारी दोन तास. एचआयव्ही मुलांपर्यंत पोचू नये म्हणून प्रशिक्षण. शाळेतून त्यांना मदतीला एक बाई आणि एक पुरुष हवा होता. प्राचार्यांनी मला आणि टर्नरमास्तरांना दिलं. मास्तरांना का, तर त्यांचा तास त्या वेळी रिकामा होता. मला का, तर बाई म्हणून.

आधी आम्हां दोघांनाच दहा दिवस शिकवलं. मला वाटलं होतं, रक्त, सुया, जंतू असं काहीतरी असेल. ते पहिल्या दिवशीच आटपलं. सिस्टर म्हणाल्या, "तेवढं पोरांना पाठ असतं हो. परीक्षा घ्या, दहापैकी दहा देतील. पण मुलगा म्हणाला, 'माझ्यावर विश्वास नाही का?' की मुलगी गप्प. आणि मुलगा घाबरलेला असला तरी तो विचारणार नाही, कारण विचारलं तर मर्द कसला. ती जी गप्प जागा आहे ना, आजार तिथनं शिरतो. आपलं काम त्या जागेवर."

मास्तरांची मोठी पंचाईत. तो एक शब्द त्यांच्या तोंडून निघेना. कंडोमला ते 'साहित्य' म्हणायचे.

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या, "साहित्य म्हटलं तर पोरं छिन्नी-हातोडा घेऊन येतील."

"नाही, म्हणतो की. पुढच्या बुधवारी म्हणतो."

वर्ग शिवणाच्याच खोलीत भरायचा. यंत्रं भिंतीला सरकवून आम्ही गोल बसायचो. वीस जणांत ठिणगीही होती. आई शिकवणारी, लेक शिकणारी, हे सिस्टरांना पटत नव्हतं. पण एकोणीसच नावं आली होती, आणि ही म्हणाली, "विसावी मी. आईला मी घरात ऐकतेच, इथे ऐकलं तर काय बिघडणार?"

एक मुलगा होता, सुतारकामाच्या वर्गातला. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून त्याला वकील म्हणत. हुशार, पण हुशारी खिशात मावायची नाही, सारखी बाहेर सांडायची.

त्या बुधवारांतला उलटा खेळ मला जन्मभर पुरला. मुलग्यांनी बायको व्हायचं, मुलींनी नवरा. एकदा ठिणगी नवरा झाली आणि वकील बायको. ठिणगी खुर्चीत पाय पसरून बसली, वर्तमानपत्र उघडलं आणि नुसतं म्हणाली, "चहा."

वकील डोक्यावर रुमाल घेऊन आला. "हा घ्या. अहो, एक विचारायचं होतं."

ठिणगीने कागद खाली केला नाही. "हं."

"काही नाही. राहू दे."

सगळी खोली हसली. सिस्टरांनी हात वर केला. "थांबा. तू विचारणार होतास ना? प्रश्न तुला दिला होता. हे 'राहू दे' कुठनं आणलंस?"

वकिलाने डोक्यावरचा रुमाल काढला. "माहीत नाही सिस्टर. तोंडात आपोआप आलं. घरी रोज ऐकतो."

मी खाली वाकून खडू शोधत राहिले. खडू माझ्या हातातच होता.

त्यानंतर दोन बुधवार लावून मुलांनी एक वाक्य तयार केलं. मी ते फळ्यावर लिहिलं: 'मला तू हवा आहेस, म्हणूनच विचारतेय. आपण दोघं तपासून घेऊ.' मुलग्यांसाठी 'हवी आहेस' आणि 'विचारतोय'. जोड्या पाडून एकमेकांना म्हणायचं. आधी लाजले, मग हसले, सातव्या-आठव्या खेपेला खरंच बोलायला लागले. मी फिरून बघायचे. "खाली बघू नकोस. त्याच्याकडे बघून म्हण." असं मी सांगायचे.

तिसऱ्या महिन्यात हे घरी आले ते ताप घेऊन. धुवायला पँट काढली, खिसे तपासले. आत गोळ्यांची अर्धी पट्टी आणि चौकोनी घडी घातलेला एका दवाखान्याचा कागद. कागदावर लिहिलेलं नाव तीन महिन्यांपूर्वी मला वाचता आलं नसतं. आता आलं. सिस्टरांनी दिलेल्या तक्त्यात ते वरून तिसरं होतं. बाहेरून येणारा गुप्तरोग. तक्त्यात पुढे लिहिलं होतं, ज्याला हा होतो त्याच्यात एचआयव्ही शिरायला वाट मोकळी होते. तो तक्ता मी स्वतःच्या हाताने वर्गात टांगला होता.

घडी होती तशी घालून कागद परत ठेवला. पँट धुतली नाही. ह्यांना वाटलं राहून गेली.

ते चार दिवस मी पाठदुखीवर काढले. ह्यांनी काही म्हटलं नाही. पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवीसुद्धा भरून दिली. जाताना म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला येतो. डॉक्टरला दाखव पाठ." मी हो म्हटलं.

पाठदुखी किती महिने चालणार? विचारायला हवं होतं, आणि अठरा तारखेच्या आत विचारायची हिंमत गोळा करायला हवी होती. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही तर तेच शिकवत होता. तीच तर गंमत. यंत्रावर बसून मी ते वाक्य मनात म्हणून बघायचे. मुलांचं वाक्य 'तू'चं होतं. ते 'तू'शिवाय उभंच राहत नाही. मी त्यात 'तुम्ही' घालून बघितलं. 'मला तुम्ही हवे आहात, म्हणूनच विचारतेय. आपण दोघांनी तपासून घ्यावं.' पुढे फक्त 'ही नम्र विनंती' लिहायचं राहिलं होतं. एकवीस वर्षं ज्या माणसाला मी 'अहो' आणि 'हे' यापलीकडे हाक मारली नाही, त्याला विचारायला माझ्या भाषेत जागाच नव्हती. आणि भांडावं म्हटलं तर भांडणारा माणूस नाही. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दार कधी बाहेरून लावलेलं नव्हतं, पण मला ते उघडता येत नव्हतं.

वर्गात चिठ्ठ्यांची पेटी असायची. वकिलानेच केलेली, वर एक खाच. ज्याला तोंडाने विचारवत नाही त्याने चिठ्ठी टाकायची, नाव नाही. दर बुधवारी शेवटच्या अर्ध्या तासात चिठ्ठ्या वाचायच्या आणि सिस्टरांनी उत्तर द्यायचं. नियम एकच, चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही.

मी एक चिठ्ठी टाकली. सिस्टरांना एकटीला गाठून विचारलं असतं तर त्यांनी जेवणखाण सोडून सांगितलं असतं. पण समोर बसून बोलायचं म्हणजे ते खरं झालं असतं. मी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं. वहीतला कागद घेतला नाही, बेतायच्या कागदाची कड फाडली. ती तर सगळ्याच मुली घेत. तीनदा वाचून बघितली, कुठे सापडण्यासारखं काही नाही ना. मग टाकली.

तो बुधवार वाचायला मास्तरांचा होता. पाचवी की सहावी चिठ्ठी त्यांनी उघडली, चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"'ह्यांना बाहेरचा आजार झालाय असं वाटतं. ह्यांना तपासून घ्या असं कसं सांगू? घरात सगळे असतात.'"

कुणीतरी फिसकन हसलं. "ह्यांना?"

"आपल्यात लग्न कुणाचं झालंय ग?" एका मुलीने दुसरीला विचारलं.

"कुणाचंच नाही," वकील म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती वाद जिंकायची चमक आली होती. "म्हणजे बघा. वीस जण, सगळे बिनलग्नाचे. मुलीने लिहिली असती तर 'त्याला' लिहिलं असतं. 'ह्यांना' कोण म्हणतं? जिचं लग्न होऊन खूप वर्षं..."

तिथे तो थांबला. स्वतःच बोलता बोलता कुठे येऊन पोचला ते त्याला कळलं. पण खोली पुढे गेली होती. सिस्टर बिनलग्नाच्या. मास्तर पुरुष. माना हळूहळू माझ्याकडे वळायला लागल्या.

सिस्टर कडक आवाजात म्हणाल्या, "पेटीचा नियम काय?"

मी फळ्याजवळ उभी होते. 'माझी आहे' एवढं म्हणायला दोन शब्द पुरले असते. गेले तीन महिने मी त्या पोरांना सांगत होते, बोला, खाली बघू नका. मी खाली बघत होते.

"माझी आहे चिठ्ठी," ठिणगी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "मी लिहिली. आहे एक जण. मी त्याला ह्यांना म्हणते, मला आवडतं तसं म्हणायला. काही अडचण?"

कुणी हसलं नाही. सिस्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग समोर कुणीच नसल्यासारखं, खिडकीकडे बघत उत्तर दिलं. "जिची कुणाची असेल तिने ऐकावं. दिवसाउजेडी विचारायचं, माणूस जेवून शांत बसलेला असताना. आधी स्वतःचं रक्त तपासून घ्यायचं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. उत्तर येईपर्यंत कंडोमशिवाय नाही. आणि नाही म्हणायला पाठ दुखायची गरज नाही, पोट दुखायची गरज नाही. नाही म्हणजे नाही."

पाठीचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. हजार बायका बघितलेली बाई ती.

गोष्ट दोन दिवसांत शाळाभर झाली. शुक्रवारपर्यंत ठिणगीने गुपचूप लग्न केलं होतं, शनिवारपर्यंत तो नवरा आजारी होता, सोमवारी ती स्वतःच आजारी होती. वायरमनच्या वर्गात तिने हात लावलेला पाना पोरं फडक्याने पुसून घ्यायला लागली. तीन महिने ज्यांना शिकवलं की स्पर्शाने काही होत नाही, त्यांतलेच दोघे होते त्यात.

मंगळवारी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. टेबलावर काच, काचेखाली शाळेच्या सहलींचे फोटो. मी उभ्यानेच सांगितलं, "सर, ती चिठ्ठी माझी आहे. मुलीची नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. खूप मायेने माझ्याकडे बघितलं. "बाई, बसा. आई आहात तुम्ही, मला कळतं. पण असं अंगावर घेऊ नका. मिस्त्रीसाहेबांना मी ओळखतो. आपल्या गॅदरिंगला पाण्याचा पंप बिघडला, तर न बोलावता येऊन दुरुस्त करून गेले. अशा माणसाबद्दल असं बोलवतं तुम्हाला?"

"खरं आहे म्हणून बोलते."

"मुलीसाठी आई खरंखोटं काहीही करते." त्यांनी पेन उचललं. "यंदा तिची शिफारस नको करूया. गाजावाजा शांत होऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले, तर ते खोटं ठरलं. मी सिस्टरांना गाठलं. म्हटलं, तुम्हाला कळलंय ना कुणाची चिठ्ठी ते, तुम्ही सांगा सरांना. त्या पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "नियम माझाच आहे हो. आज तुमच्यासाठी मोडला, तर उद्या पेटीत एक चिठ्ठी पडायची नाही. तुम्ही सांगितलंत ना? पुन्हा सांगा. ऐकेपर्यंत सांगा. आणि रक्ताचं काय? कधी येताय?"

वकील यंत्रांच्या खोलीबाहेर घुटमळत होता. "बाई, मी मोजायला नको होतं."

"नको होतं."

"मी सगळ्यांना सांगू का, की मी उगाच..."

"तू आता काहीही सांगू नकोस बाबा."

घरी ठिणगी आपली अवजारं पुसत बसायची. रविवारी सकाळी खालचा छापखाना बंद होता, घर गप्प होतं, तेव्हा पक्कड पुसता पुसता म्हणाली, "बाबांना तू विचारणार आहेस का मी विचारू?"

"बापाला मुलगी असं विचारते का?"

"मग बायको विचारते का? तिनेही नाही विचारायचं, हिनेही नाही. मग कोणी, छापखानेवाल्याने?"

प्लायवूडच्या पलीकडून खाट करकरली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना किती दिवसांपासून कळत होतं कोण जाणे. त्या फळीतून काही सुटायचं नाही.

"कमावता माणूस चार दिवस घरी येणार," त्या म्हणाल्या, "आणि त्याला तुम्ही काय विचारणार, तुझं रक्त चांगलं आहे का? माझ्या मुलाला नाव ठेवलंत तर ह्या घरातलं अन्न मी तोंडात घालणार नाही."

आणि खरंच जेवायच्या बंद झाल्या. दोन दिवस. मी ताट नेऊन ठेवायचे, ताट तसंच परत यायचं. म्हातारीचं काही झालं तर तेही माझ्याच माथी. तिसऱ्या दिवशी ठिणगीने त्यांची गादी झटकायला घेतली, तर उशीखालून बिस्किटांचा चुरा उडाला.

"आजी, उपाशी मरायचं तर निदान खारी तरी खायची नाही."

"उंदीर आहेत घरात," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी त्या दिवशी हसलो. आठवडाभरात पहिल्यांदा. त्या पाठ करून बसल्या, पण संध्याकाळी जेवल्या.

अठरा तारीख शनिवारी आली. हे सकाळी आले, आंघोळ केली, जेवले. सासूबाई पलीकडे. ठिणगी मुद्दाम बाहेर गेली होती. खाली छापखाना चालू होता. मला वाटलं, एवढा आवाज आहे, ह्या आवाजात बोलावं. ह्यांनी स्टोव्ह खोलून समोर ठेवला होता. महिनाभर मी तो काजळी काढून काढून चालवत होते. पिन घालून ते भोक साफ करत होते. मी समोर बसले आणि मुलांचं वाक्य म्हणायला गेले. ते आलं नाही. जे आलं ते असं आलं:

"आपण दोघांनी रक्त तपासून घ्यायचं आहे. बुधवारी. सिस्टरांना सांगितलं आहे."

पिन थांबली. "कसलं रक्त?"

"एचआयव्हीचं."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"मीच शिकवते."

त्यांनी पिन बाजूला ठेवली. मग, अगदी हळू, "मी कधी वाईट वागलो तुझ्याशी?"

"नाही."

"काही कमी पडू दिलं?"

"नाही."

"मग?"

वर्गात कुठल्याच मुलाने हा 'मग' विचारला नव्हता. मी खिशातला कागद मध्ये आणला नाही, पट्टीचं बोलले नाही. ते सगळं दोघांनाही माहीत होतं. मी ठिणगीचं सांगितलं. पोरीने माझी चिठ्ठी स्वतःवर घेतली, तिची शिफारस गेली. म्हटलं, "तुम्ही एकदा शाळेत जाऊन सरांना सांगा. तुमचं ऐकतील. माझं ऐकत नाहीत."

"काय सांगू?" त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा वर गेला. "की पोरीचं काही नाही, माझंच आहे सगळं? असं मी शाळेत जाऊन सांगू?"

पलीकडे खाट करकरली नाही. ह्यांनी मान खाली घातली. सांगायचं नाही म्हणता म्हणता सांगून बसले होते. स्टोव्ह त्यांनी पूर्ण जोडला, पेटवून बघितला, निळी ज्योत आली. मग हात धुतले आणि बॅग भरली. चार दिवसांसाठी आले होते, त्याच दुपारी गेले. बुधवारी मी एकटी गेले. सिस्टरांनीच माझी बाही वर केली.

माझ्या रक्तात काही निघालं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. त्या दोन तपासण्यांच्या मध्ये मी माझं अंथरूण प्लायवूडच्या पलीकडे नेलं, सासूबाईंच्या खाटेशेजारी जमिनीवर. त्यांनी पायाशी थोडी जागा करून दिली.

आता सगळ्यांचं काय झालं ते सांगते.

हे सात महिन्यांनी परत आले, निम्मे होऊन. तेव्हा तपासलं. उत्तर आम्हाला ठाऊक होतं. पहिली काही वर्षं फार वाईट गेली. पुढे औषधं मिळायला लागली, आणि हे उभे राहिले, हिंडायला-फिरायला लागले, दोन हजार बारापर्यंत जगले. चौदा वर्षं मी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. लोक म्हणायचे, काय सेवा करते बाई. मी गेले नाही कारण जायला कुठे नव्हतं, आणि नंतर नंतर जावंसंही वाटलं नाही. दोन्ही खरं आहे. आजाराबद्दल आम्ही रोज बोलायचो, तो त्यांना कुठून आला याबद्दल एकदाही नाही.

सासूबाई मुलाच्या आधी नऊ वर्षं गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी शेजारणींना मुलाला कावीळ झाल्याचं सांगितलं.

प्राचार्य मानाने निवृत्त झाले. त्यांना शेवटपर्यंत मी मुलीसाठी खोटं बोलणारी आई वाटत होते. त्यासाठी त्यांना माझ्याबद्दल आदरच होता.

सिस्टरांची बदली झाली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणाहून पत्र यायचं, त्यात एक ओळ ठरलेली, 'नवीन पेटी करून घेतली.' पत्रं थांबली तेव्हा समजले.

टर्नरमास्तर पुढे आठ वर्षं तो वर्ग घेत राहिले, सिस्टरांवाचून, एकटे. सेवानिवृत्तीच्या भाषणात, प्राचार्य, पाहुणे आणि स्वतःची बायको समोर बसलेली असताना, ते 'कंडोम' म्हणाले. दोनदा म्हणाले. पहिल्यांदा ऐकू गेलं नसेल म्हणून.

वकील वकील झाला नाही. त्याचा फर्निचरचा कारखाना आहे, बारा माणसं आहेत. लग्नाआधी तो आणि त्याची होणारी बायको दोघं तपासून आले आणि सगळ्यांत आधी मला भेटायला आले. बायको त्याला 'तू' म्हणते आणि वादात हरवते.

ठिणगीला पुढच्या वर्षीही शिफारस मिळाली नाही. कुजबुज पुढच्या वर्षापर्यंत टिकली होती. ती दुसऱ्या गावी गेली, एका ठेकेदाराकडे खांब चढण्यापासून सुरुवात केली. आज तिची स्वतःची वायरिंगची ठेकेदारी आहे. तिने चौतिसाव्या वर्षी लग्न केलं, तपासून, विचारून, सगळं रीतसर. महिन्यातून एकदा येते. माझ्या खोलीतले दिवे, बटणं बघते, संध्याकाळच्या आत निघते. आमचं सगळं बोलणं होतं. एकदाच मी विषय काढला, पाच-सहा वर्षांपूर्वी. म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

ती स्टुलावर चढून दिवा बदलत होती. म्हणाली, "मी उभी राहिले ना, तेव्हा मला वाटलं होतं, तू लगेच म्हणशील की ही खोटं बोलतेय. मी वाट बघत होते." मग खाली हात केला. "नवीन दिवा दे."

मी दिला.